मुका तांबट

१

दिवाळीनंतर आसावरीच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले आणि त्याच सुमारास माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आली. त्यामुळे यंदाचा हिवाळा आमच्या घरात मोठ्या मौजेत गेला. ती आमच्या जालहळ्ळीच्या बाल्कनीत उभी राहून मला सांगायची, "अहो, समोरची पाण्याची टाकी काळी नाहीये, चक्क हिरवी आहे." आणि मी आत खुर्चीत बसून फ्रिजची घरघर ऐकायचो.

मी सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढली. तिथल्या धडधडीत कान गेले, पण ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागली. पलीकडच्या मशीनवरचा माणूस नुसतं तोंड हलवायचा आणि त्याच्या डब्यात आज काय आहे ते मला कळायचं. म्हणून कान जायला लागले तरी कितीतरी वर्षं मला पत्ताच नव्हता. डोळ्यांवर भागत होतं.

"आता हे नवे डोळे-कान घरात बसून वाया घालवू नका," असं म्हणून आमच्या लेकीने, सुखदाने, आम्हाला न विचारताच एका पक्षीनिरीक्षणाच्या फेरीत आमची नावं घातली. शहराबाहेर, आनेकलच्या पुढे एक राखीव गवताळ रान आहे. मध्ये तळं, तळ्याला मातीचा बांध, आणि बाकी सगळं गवत. रविवारी सकाळी तिथली एक बाई लोकांना हिंडवून पक्षी दाखवते, एवढंच तिने सांगितलं.

आसावरी आदल्या दिवसापासून लहान मुलीसारखी हरखली होती. मोहरी रंगाचा स्वेटर, सुखदाचे जुने स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला माझी कानटोपी. गाडीत बसल्यापासून तिचं बोलणं जे सुरू झालं ते थांबेना. पूर्वी मी गाडी चालवताना ती बोलत नसे, कारण रस्त्यावर नजर ठेवायची तर मला तिचे ओठ दिसायचे नाहीत. आता मी समोर बघत तिला ऐकत होतो. फाटलेल्या मेगाफोनमधून ऐकू यावा तसा तिचा आवाज यायचा, पण यायचा.

२

फेरी नेणाऱ्या बाईंचं नाव भाग्यलक्ष्मी. तिशी-पस्तिशीच्या असतील. त्यांनी सगळ्यांना "बन्नी, बन्नी", म्हणजे या, या, करत गोळा केलं आणि एकच नियम सांगितला की पायवाट सोडायची नाही. बरोबर मोठ्या लेन्सचे कॅमेरे घेतलेले दोघं-तिघं होते आणि पुण्याहून वर्षापूर्वी आयटीत आलेलं ईशान आणि प्रांजली हे जोडपं. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून प्रांजली धावत आली. "काका, तुम्ही इथलेच? ओ माय गॉड, इतक्या दिवसांनी कोणीतरी नीट मराठी बोलतंय."

"नीट कसली, आमच्या मराठीत अर्धं कन्नड शिरलंय," आसावरी म्हणाली.

उजाडत होतं. गवतावर दव होतं आणि कडेच्या बाभळींवर बुलबुलांची किलबिल चालली होती. मी जागच्या जागी उभा राहिलो. टिटवी ओरडली. सातभाईंचा कलकलाट झुडपाझुडपातून पुढे सरकत गेला. मला आयुष्यात पहिल्यांदा पहाट ऐकू येत होती म्हटलं तरी चालेल. मी उगाचच दुर्बिणीशी चाळा करत राहिलो.

आसावरीला पक्षी ओळखता येतात हे मला ठाऊक होतं, पण किती ते त्या दिवशी कळलं. तिचं बालपण वाशिमकडचं. तिचा मोठा भाऊ गिरीराज तिला सायकलच्या दांड्यावर बसवून माळरानावर घेऊन जायचा. हा गिरीराज मी कधी पाहिला नाही. आमचं लग्न ठरायच्या आधीच, कॉलेजात असताना, तो एके दिवशी घरातून निघून गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, काही उपयोग झाला नाही. त्याचा एक फोटो आमच्याकडे आहे. दोन्ही हात डोक्यावर ठेवून एका पायावर भार देऊन उभा. तो तसाच उभा राहायचा, असं ती सांगते. फोटोला तिने कधी हार घातला नाही आणि कोणाला घालू दिला नाही.

"मला आज नीलपंख दिसला पाहिजे," ती म्हणाली.

पुढच्याच खांबावर नीलपंख बसलेला होता. त्याने पंख उघडले आणि ती निळाई बघून आसावरीने माझा दंड गच्च धरला.

"अक्का, तुमचा पायगुण चांगला आहे," भाग्यलक्ष्मी कन्नडमध्ये म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो.

३

मग तो खेळच झाला. आसावरी म्हणाली हुदहुद, तर पायवाटेवर तुरा उभारून हुदहुद हजर. ती म्हणाली स्वर्गीय नर्तक, तर पांढरी रिबन सोडल्यासारखा तो आमच्या डोक्यावरून तरंगत फांदीवर टेकला. प्रांजली टाळ्या वाजवायची, कॅमेरेवाले खाली बसून फोटोंचा सपाटा लावायचे. ईशान म्हणाला, "काकू, प्लीज आता काहीतरी रेअर मागा ना."

माझी बायको गेली काही वर्षं हळूहळू धूसर जगात मागे मागे सरत चालली होती. तिला असं मधोमध उभं राहून हसताना बघून मला किती बरं वाटत होतं ते काय सांगू.

"ह्यांच्यासाठी तांबट," ती म्हणाली. "ह्यांना आवाज ऐकू दे."

जवळच्या उंबरावर तांबट होता. अगदी हाताच्या अंतरावर म्हणावं इतका खाली. हिरवा, कपाळावर कुंकवाचा ठिपका, गळा पिवळा. तो मान डोलावत होता आणि प्रत्येक झोक्याला त्याचा गळा फुगत होता. टुक, टुक, टुक. निदान गळा तसा फुगत होता.

मला काही ऐकू आलं नाही.

वाटलं, बॅटरी गेली. मी यंत्राला बोट लावलं, आवाज वाढवला. ईशानच्या जॅकेटचं खसखसणं ऐकू आलं. लांबून, तळ्याच्या पलीकडून, दुसरा एक तांबट बोलत होता, तोही ऐकू आला. समोरच्याचा गळा मात्र मुकाट्याने फुगत होता, बसत होता.

काही आवाज यंत्रात येत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मी स्वतःला तेच सांगितलं. मग आजूबाजूला पाहिलं. सगळे हसऱ्या तोंडाने उंबराकडे बघत होते. फक्त भाग्यलक्ष्मी तांबटाकडे बघत नव्हत्या. त्यांनी मान किंचित कलती केली होती, ऐकू न येणारा माणूस करतो तशी. ती मान मी चांगली ओळखतो.

आणखी एक गोष्ट. पक्षी माणसाकडे बघतो ते एका डोळ्याने, बाजूने. हा तांबट समोरून बघत होता. आसावरीकडे.

४

बांधावर आल्यावर वारा पडला. खाली दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, तळ्याकडे तर डोक्याच्याही वर गेलेलं. तिथे ती म्हणाली, "दादा मला तणमोर दाखवायचा. गवतातून उंच उडी मारतो, चेंडूसारखा. पावसाळ्यात फक्त. आता कुठे दिसायला तणमोर."

गवतातून काळा-पांढरा पक्षी उसळून वर आला, पाय हवेत मारले आणि खाली गेला. पुन्हा वर आला. पुन्हा खाली गेला. दर वेळी त्याच जागेवरून, तेवढाच उंच.

कॅमेरेवाल्यांची धांदल उडाली. प्रांजलीने आसावरीला मिठी मारली. आसावरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "अहो, तोच आहे. तस्साच."

भाग्यलक्ष्मी माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हा पक्षी इथे नसतो. आत्ता तर कुठेच अशा उड्या मारत नसतो."

"वाट चुकला असेल," मी म्हणालो.

"तुम्हाला पंखांचा आवाज येतोय?"

मी नाही म्हणालो. माझे कान तसेच, असंही म्हणालो.

"माझे कान चांगले आहेत," त्या म्हणाल्या. मग आसावरीकडे वळल्या. चेहरा हसरा ठेवला होता, पण हातातली काठी त्या एकसारखी बोटांत फिरवत होत्या. "अक्का, आता नाव नका घेऊ कशाचं. स्वल्प गप्प चालूया. सगळे माझ्या मागे. इथूनच परत फिरायचं."

ईशान कुरकुरला. पण बुलबुलांचा आवाज थांबला होता, सातभाई थांबले होते, टिटवी थांबली होती. एवढं सगळं थांबलेलं एकदा लक्षात आल्यावर त्यालाही ते आवडलं नसावं. तो निमूट चालू लागला.

५

आम्ही दोघं मागे पडलो. माझा गुडघा दव पडलं की कुरकुरतो. बाकीचे बांधाच्या वळणावरून खाली उतरले आणि त्यांचे आवाज लांब गेले.

"भाग्यलक्ष्मी घाबरल्यासारख्या का झाल्या?" आसावरी म्हणाली.

"तुला तांबटाचा आवाज आला होता?"

ती थांबली. विचार करायला लागली. मग म्हणाली, "मी ऐकलंच नाही हो. मी बघत होते. किती दिवसांनी बघत होते." तिने तणमोर उसळत होता त्या दिशेला पाहिलं. चेहऱ्यावर तोच आनंद. ती आता काय बोलणार ते मला तिच्या ओठांवर आधी दिसलं. मी हात पुढे केला, तोपर्यंत ती बोलून गेली होती.

"हे बघायला गिरीराजदादा हवा होता."

गवतात कोणीतरी उभं राहिलं.

तळ्याच्या अंगाला, उंच गवत सुरू होतं तिथे. छातीपर्यंतच दिसत होता. तरुण माणूस. त्याने दोन्ही हात उचलले आणि डोक्यावर ठेवले.

मी पुष्कळ गोष्टी सुचवल्या असत्या. गुराखी असेल, आनेकलच्या कारखान्यातून घरी जाणारा कोणी असेल. माणसं हात डोक्यावर ठेवतात. पण मी तोंड उघडायच्या आत आसावरी बांधावरून खाली उतरली होती. इतक्या झरझर ती कित्येक वर्षांत चालली नव्हती. मोहरी स्वेटर गवतातून जाताना दिसला. मग गवत उंच झालं आणि स्वेटर दिसेनासा झाला. त्या माणसाचं डोकंही खाली गेलं.

६

"अगं," मी हाक मारली. "अगं, ऐकलंस का? परत ये."

आयुष्यभर मी तिला अगं म्हणत आलो आणि ती मला अहो. तेवढ्यावर आमचं सगळं भागलं. त्या गवतात मात्र ते अगं कुठेच पोचत नव्हतं. मी बांध उतरलो, गुडघा लचकला, गवताच्या पात्यांनी हात कापले.  नाव घ्यायला नको हे मला कळत होतं, तरी भीतीने माणूस काय करून बसतो ते त्याच्या हातात नसतं.

मी ओरडलो, "आसावरी."

ती लगेच आली. माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ, गवत बाजूला झालं आणि ती बाहेर पडली. मोहरी स्वेटर, माझी कानटोपी, आणि हसरा चेहरा. मला हायसं वाटलं. तिने हात पुढे केला. ओठ हलले. मला ते सहज वाचता आले. 'चला ना.'

मी हात उचललासुद्धा.

तेवढ्यात डाव्या कानात आवाज आला. लांबून, मागून, फाटका. "अहो... कुठे आहात हो? मला ह्या गवतात काही दिसत नाहीये."

आवाज डावीकडे. आसावरी समोर. मी आयुष्यभर डोळ्यांवर विसंबलो होतो. कानातली यंत्रं तीन महिन्यांची होती, आणि फ्रिजच्या आवाजाला मी एकदा विमान समजलो होतो. समोर माझी बायको उभी होती, तिच्या गालावरचा तीळ मला दिसत होता. ती पुन्हा म्हणाली, 'चला ना,' आणि हसली. तिच्या सलवारीला एकही कुसळ चिकटलेलं नव्हतं. पायांतले बूट कोरडे होते.

"अहो..." मागचा आवाज रडवेला झाला.

मी समोरच्या चेहऱ्याकडे पाठ केली. असं काही करायला किती जड जातं ते सांगून कळणार नाही. दर पावलाला वाटत होतं की मी बायकोला तिथे टाकून चाललोय. मी डोळे मिटून घेतले आणि आवाजाच्या रोखाने गवत कापत गेलो. "बोलत राहा," मी ओरडत होतो. "काहीही बोल."

आणि ती बोलत राहिली. सुखदाचे बूट भिजले म्हणाली, गुडघ्याचं तेल संपलंय म्हणाली, गॅसवर दूध ठेवून तर निघालो नाही ना म्हणाली. मी तिच्यावर जाऊन आदळलो. कमरेपर्यंत भिजलेली, अंगभर कुसळं, टोपी कुठेतरी पडलेली. मी तिला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"जवळ गेले होते मी," ती माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणाली. "अगदी दादाच होता. कॉलेजातला. मी म्हटलं, दादा, काहीतरी बोल ना. तो हसला. आणि अहो, दादाचं हसणं दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. हा हसला तर गवताची सळसळ ऐकू येत होती मला. म्हणून मी फिरले."

७

आम्ही दोघं बांधावर आलो तेव्हा भाग्यलक्ष्मी पळत येत होत्या. त्यांनी आधी आसावरीचा हात धरून पाहिला, मग तिला काहीतरी बोलायला लावलं. ती बोलली तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. 

फाटकाजवळच्या टपरीवर ताटलीएवढ्या गरम तट्टे इडल्या आणि कॉफी होती. फेरी संपली की प्रत्येकाने आज सगळ्यात काय आवडलं ते सांगायचं, असा तिथला रिवाज. कॅमेरेवाल्यांनी तणमोर सांगितला. ईशान-प्रांजलीने स्वर्गीय नर्तक. आसावरी चटणीत इडली बुडवत म्हणाली, "बुलबुल. केवढा गोंगाट करतात." आणि हसली. बुलबुल पुन्हा बोलायला लागले होते. कॉफीच्या वाफेत, उन्हात, सगळे एकदम बोलत असताना मी तिच्याकडे बघत बसलो. इतक्या आनंदाने मी कधी इडली खाल्ली नसेन.

प्रांजलीने फोन नंबर घेतला, घरी पुरणपोळीला यायचं कबूल करून घेतलं आणि आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर आसावरीने अंगावरची उरलेली कुसळं काढली. मग म्हणाली, "एका परीने बरंच झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, कधीतरी तो गर्दीत दिसेल आणि मी ओळखणार नाही. आता कळलं, ओळखेन." तिने डोळे पुसले, खिडकीची काच खाली केली. "मी त्याला हाका मारताना तुम्ही कुठे होतात? तुमचा आवाज आला मला एकदा. माझं नाव घेतलंत. केवढं वेगळं वाटलं."

"मग आवडलं ना?" मी म्हणालो.

"पुन्हा घ्या की कधीतरी. घरी."

मी बरं म्हणालो. मग तिला धीर आला, आणि सकाळसारखंच तिचं बोलणं सुरू झालं. वाशिमचा माळ, सायकलचा दांडा, दादाने एकदा तिच्या ओढणीत पकडलेला चंडोल. असं ती दादाबद्दल कधीच बोलली नव्हती. ती तिच्या बाजूच्या खिडकीतून शेतं बघत बोलत होती.

रस्ता तळ्याला वळसा घालतो. माझ्या बाजूने बांध दिसत होता.

बांधावर दोघं उभी होती. एक तरुण, हात डोक्यावर. त्याच्या शेजारी मोहरी स्वेटर. आमच्या गाडीकडेच बघत होती. माझा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला, गाडी सावकाश झाली. मला वाईट वाटलं, हे खरं सांगतो. मी हाक मारली म्हणून ती आली होती आणि मी तिला तिथेच सोडून निघालो होतो. निदान एकटी नव्हती, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

मग तिचे ओठ हलले. अंतर बरंच होतं, पण पलीकडच्या मशीनवरचा माणूसही काही जवळ नसायचा. ती अहो म्हणाली नाही. वरचे दात खालच्या ओठाला टेकले आणि मग तोंड मोठं उघडलं. आमच्या सगळ्या संसारात आसावरीने माझं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं.

विलास.

त्या दोघांच्या मागे गवत दुभंगायला लागलं.

"अहो, लक्ष कुठे आहे?" शेजारून आवाज आला. "मी काय सांगतेय?"

"ऐकतोय," मी म्हणालो. यंत्राचा आवाज होता तेवढा सगळा वाढवला आणि गाडी आनेकलच्या रस्त्याला लावली. "बोल तू. थांबू नकोस."